माझ्या डोक्यावरची काविळीची माळ

चिखलात माझा एकच गमबूट राहिला, दोन नव्हेत; आणि तो उजव्या पायाचा होता. एवढे प्रथम नोंदवून ठेवतो, म्हणजे पुढचे शांतपणे सांगता येईल.

ज्या संस्थेत माझी सारी नोकरी झाली, तिने अलीकडे एक जाडजूड स्मरणग्रंथ काढला आहे. महासाथ येऊन गेल्यावर प्राण्यांकडून माणसांत येणाऱ्या रोगांना एकाएकी प्रतिष्ठा आली, आणि त्या रोगांत आयुष्य घालवलेली माणसे अजून हयात आहेत की काय, याचा शोध सुरू झाला. मी हयात सापडलो. म्हणून त्या ग्रंथात माझ्यावर एक लेख आहे. लेखक एके काळी माझे कनिष्ठ सहकारी होते, पुढे संस्थेचे संचालक झाले, आणि आता निवृत्त होऊन खारघरला इतक्या वरच्या मजल्यावर राहतात की तिथून त्यांना जमिनीवरच्या गोष्टी नीट दिसत नसाव्यात.

लेख प्रेमाने लिहिला आहे, आणि माझी तक्रार नेमकी तीच आहे. द्वेषाने लिहिणारा माणूस निदान पुरावे गोळा करतो. प्रेमाने लिहिणाऱ्याला त्याची गरज वाटत नाही. 'सरांनी आपल्या अमोघ वाणीने गावाचे प्रबोधन केले' असे एका परिच्छेदात आहे, आणि त्याच पानावर खाली 'दोन्ही गमबूट चिखलात गमावून सर मदतीसाठी ओरडू लागले' असेही आहे. ज्याची वाणी अमोघ असते त्याला ओरडावे लागत नाही, एवढी साधी विसंगती संपादकांच्या लक्षात आली नाही.

लेख मला पत्नीने वाचून दाखवला. ऐकून मी म्हणालो, "यात निदान चार चुका आहेत."

"मला दोनच दिसल्या," ती म्हणाली. "तुमचा स्वभाव शांत आहे असं लिहिलंय, ही एक. आणि माळ तुम्ही स्वतःच्या हाताने काढलीत असं लिहिलंय, ही दुसरी. बाकीचं सगळं बरोबर आहे."

ही माळ म्हणजे काविळीची माळ. तिच्याविषयी पनवेल तालुक्यात आज चार हकीकती चालू आहेत. एक या माजी संचालकांची, एक माझ्या पत्नीची, जी आमच्या नात्यातल्या प्रत्येक लग्नाच्या पंगतीत सांगितली जाते, एक त्या गावाची आणि एक माझी. पहिल्या तिन्हींपैकी दोन मला मूर्ख ठरवतात आणि एक महात्मा. मूर्खपणाबद्दल माझी फारशी हरकत नाही. त्याला साक्षीदार आहेत. महात्मेपणाला मात्र कसलाही आधार नसल्याने तो मी नाकारतो.

माझे काम काय होते ते आधी सांगायला हवे, कारण तेही लेखात नको इतके उदात्त झाले आहे. मी उंदरांच्या लघवीचा अभ्यास केला. लेप्टोस्पायरोसिस नावाचा एक रोग आहे. लोक त्याला लेप्टो म्हणतात. त्याचा जंतू उंदराच्या मूत्रपिंडात सुखाने नांदतो, लघवीवाटे पाण्यात उतरतो आणि त्या पाण्यात उभ्या राहिलेल्या माणसाच्या पायांच्या भेगांतून शरीरात शिरतो. भातलावणीच्या दिवसांत सगळे गाव अनवाणी पाण्यात असते. आधी ताप, पोटऱ्यांत भयंकर दुखणे, डोळे लाल. मग डोळे पिवळे. मग लघवी बंद. वेळेवर पेनिसिलिन मिळाले तर माणूस वाचतो. उशीर झाला तर बहुधा नाही.

मी सूक्ष्मजीवशास्त्राचा डॉक्टर, सुई टोचण्याचा मला अधिकार नाही. ही गोष्ट मी जन्मभर लोकांना समजावत आलो, आणि कोणालाही ती पटली नाही. माझ्या सासऱ्यांना तर मुळीच नाही. स्थळ घेऊन गेलेल्या मध्यस्थाला त्यांनी विचारले होते, "मुलगा डॉक्टर आहे म्हणता, मग दवाखाना कुठे आहे?" मध्यस्थ प्रामाणिक होता. तो म्हणाला, "दवाखाना नाही. उंदीर आहेत."

उंदीर आम्ही पनवेलच्या बाजारातल्या धान्याच्या गोदामांतून धरत असू. पिंजऱ्यात आमिष म्हणून कांदाभजी लावत असू, कारण उंदीर भज्यांना नाही म्हणत नाही, हा माझा पहिला स्वतंत्र शोध होता. भजीवाला आपल्या गिऱ्हाइकांना अभिमानाने सांगे, "सायन्सवाले साहेब रोज आपल्याकडूनच नेतात." भजी कोण खाते हे त्याला सांगण्याचे धैर्य मला कधी झाले नाही. पुढे त्याने माझ्यासाठी मिरच्या कमी घालायला सुरुवात केली, आणि पिंजरे जास्त भरू लागले.

आता त्या दिवसाकडे येतो.

आपटा गावाच्या अलीकडे, पाताळगंगा नदीच्या बाजूला एक गाव आहे. तिथल्या एका तरुणाला ताप असून त्याचे डोळे पिवळे झाले आहेत, असा निरोप गावच्या आरोग्यसेविकेने पाठवला. मी आणि तो कनिष्ठ सहकारी जीप घेऊन निघालो. घरात तो मुलगा एकटाच पडला होता, आणि त्याच्या डोक्यावर, मुकुटासारखी, काविळीची माळ होती.

माळ ज्याने पाहिली नसेल त्याच्यासाठी सांगतो. एका झुडपाच्या ओल्या काड्यांचे बारीक तुकडे दोऱ्याच्या फासांत एकापुढे एक अडकवतात आणि ते लहानसे कडे रोग्याच्या डोक्यावर ठेवतात. दिवस जातात तशी माळ आपोआप मोठी होते, कपाळावरून गळ्यात, गळ्यातून छातीवर उतरते. ती पायांतून बाहेर पडली की कावीळ उतरली. हाताने काढायची नाही, हा नियम. साध्या काविळीत माणूस बहुतेक वेळा आपला आपणच बरा होतो, आणि श्रेय माळेला मिळते. लेप्टोच्या काविळीत मात्र माळ गळ्यात येण्याची वाट पाहत माणूस जातो. अशी माणसे मी पाहिली होती.

मी त्या मुलाची पोटरी दाबली. तो कळवळला. लघवी कधी झाली म्हणून विचारले, तर काल सकाळी, म्हणाला. मुंबईला चल म्हणालो, तर म्हणाला, "आई बोलंल तसं."

आणि आई, हीच खरी अडचण होती. त्या पंचक्रोशीत माळ देणारी बाई तीच होती. तिच्या सासूकडून माळ देण्याचा तो हात तिच्याकडे आला होता. माळेचा ती पैसा घेत नसे. शिरढोणपासून लोक तिच्या अंगणात येऊन बसत. आज तिच्याच मुलाच्या डोक्यावर तिचीच माळ होती, आणि ती स्वतः शेजाऱ्याच्या शेतावर लावणीला गेली होती. कारण लावणी सावडीने चालते, आज मी तुझ्याकडे, उद्या तू माझ्याकडे, आणि त्यात खाडा करायचा नसतो. दारातून ती दिसत होती. गुडघाभर पाण्यात, बायकांच्या रांगेत, वाकलेली; आणि दर दोन मुठी रोपे लावून झाली की मान वर करून घराकडे पाहणारी.

बांधावरून वळसा घालून जाता आले असते. तसे न जाण्याचे कारण शुद्ध शास्त्रीय होते. लावणीच्या वेळी पायांत गमबूट घालावेत, असा प्रचार मी त्या गावात चालवला होता. गावाचे म्हणणे होते, चिखलात बूट चालत नाही. माझे म्हणणे होते, गावाने प्रयत्न केलेला नाही. आता अनायासे सगळ्या बायका समोर होत्या आणि माझ्या पायांत नवे कोरे गमबूट होते. मी बांध सोडून सरळ शेतात उतरलो.

गावाचे म्हणणे बरोबर होते. चौथ्या-पाचव्या पावलाला उजवा पाय गुडघ्यापर्यंत गेला आणि परत येईना. डावा काढायला गेलो तर उजवा आणखी खाली. लेखात 'कमरेपर्यंत' असे आहे, ते धादांत खोटे आहे. 'ओरडू लागले' हेही खोटे. मी सूचना देत होतो. शेत मोठे असल्यामुळे त्या मोठ्याने द्याव्या लागल्या.

रांगेतल्या एकीला हसू फुटले आणि मग कोणाचेच कोणाला आवरेना.

"अगो, बुटाचा परचार आला बघ."

"त्याला आता तिथंच लावा. पीक चांगलं येईल."

बांधावर माझी छत्री धरून उभे असलेले भावी संचालकही हसत होते, हे लेखात आलेले नाही. शेवटी दोघींनी मला काखेत धरून उपसले. त्यांतली एक ती आई होती. डावा बूट पायाबरोबर आला, उजवा खाली राहिला. पाण्यात एका पायावर उभा राहून मी जे बोललो, ती माझी अमोघ वाणी.

"ताई, मुलाला आत्ताच्या आत्ता मुंबईला न्यायला हवं."

"माळ घातलीय."

"माळेला माझी हरकत नाही. पण त्याची लघवी बंद झालीय."

"माळ छातीवर आली का सुटंल."

"माळ छातीवर येईपर्यंत तो राहायचा नाही."

हसू थांबले. ती सरळ उभी राहिली. हातातली रोपांची मूठ तिने शेजारणीकडे दिली आणि मला म्हणाली, "तुमच्या आईला असं कोनी बोललं असतं, तं चाललं असतं?"

 

मग ती हळू आवाजात, फक्त मला ऐकू येईल असे बोलली. "मला कळत नाय असं नाय, डाक्टर. काल रातीपासनं मी पन बघते हाय. पन माझाच पोरगा सुईला पाठवला, तं उद्या माझी माळ कोन घालील? सासूनं दिलेला हात हाय. तो माझ्या पोरानं बुडवला असं व्हईल."

घरात तो मुलगा होता, आणि त्याचा प्रत्येक तास मला त्याच्यापेक्षा जास्त ठाऊक होता. मग तिने माझ्या तोंडाकडे निरखून पाहिले. त्या काळी उन्हात रंग बदलणाऱ्या काचांची नवलाई होती आणि मी तसा चष्मा मोठ्या दिमाखात वापरत असे. काचा तपकिरी झाल्या होत्या.

"तुमचे डोळे पिवळे हायत," ती म्हणाली.

"चष्म्यामुळे तसे दिसतात."

"पिवळे हायत," ती पुन्हा म्हणाली, आणि या वेळी सगळ्या बायकांना ऐकू जाईल असे म्हणाली.

इथून हकीकती फुटतात. माझे म्हणणे असे की मला तत्काळ युक्ती सुचली आणि मी म्हणालो, "मग माळ मलाही घाला." तिचे म्हणणे असे की तीच बोलली, "तुमी माझी माळ घाला, मी पोराला तुमची सुई देते." लेखात ही कल्पना लेखकाला सुचल्याचे सूचित केले आहे. ते त्या वेळी छत्रीसह इतके दूर होते की त्यांना फक्त हसू ऐकू येत होते.

करार झाला, एवढे तरी सर्वांना मान्य आहे. तिने अंगणात बसून माझी माळ बांधली. मी पायरीवर एका बुटात बसलो होतो. तिने दोऱ्याने माझ्या डोक्याचे माप घेतले.

"डोकं मोठं हाय."

"आभारी आहे."

"बाहेरनं बोलते मी."

माळ डोक्यावर ठेवून तिने अट घातली, "पोरगा घरी येईपरत काढायची नाय. हातानं तं नायच नाय." मी कबूल झालो. मुलाला जीपमध्ये निजवले. त्याने ग्लानीतच विचारले, "आये, डाक्टरला पन झाली?"

"झाली," ती म्हणाली. "मुंबईला तपासायला चाललाय. तू जा सोबतीला. एकटा कसा जाईल बिचारा?"

दारात जमलेल्या गावाने हे ऐकले, आणि गावाची हकीकत त्या क्षणी तयार झाली. डॉक्टरला कावीळ झाली. त्याने माळ घेतली. वाटेत सोबत म्हणून बाईने आपला मुलगा दिला. आजही ते गाव हेच सांगते. यात एकही वाक्य असे नाही जे तिथल्या कोणीतरी स्वतःच्या कानांनी ऐकले नव्हते. पुरावा म्हणून मला हे फार त्रासदायक वाटते.

खाडीचा पूल ओलांडून आम्ही मुंबईच्या एका मोठ्या रुग्णालयात पोहोचलो. अपघात विभागाच्या दारात जीपमधून माळ घातलेली दोन डोकी उतरली. तिथल्या तरुण डॉक्टरने एकीकडून दुसरीकडे पाहिले आणि विचारले, "यांतला पेशंट कोण?" मी माझे पद, पदवी आणि निदान सांगितले. तो ते सगळे माझ्या कपाळाकडे पाहत ऐकत होता. पण सुई लगेच दिली, मूत्रपिंडांसाठी यंत्र लावण्याची व्यवस्था केली, आणि वाट पाहायला सांगितले.

मग जे दिवस गेले, त्यांबद्दल माझ्या पत्नीची हकीकत आहे. तिचे म्हणणे, मी माळ घालून जेवलो, माळ घालून निजलो, कूस बदलताना माळेला धक्का लागेल म्हणून तिच्यावरच डाफरलो आणि रोज सकाळी आरशासमोर उभा राहून माळ कुठवर आली ते पट्टीने मोजले. यातले मोजणे खरे आहे. त्याला निरीक्षण म्हणतात. माळ मोठी का होते ते मला दुसऱ्याच दिवशी कळले: ओल्या काड्या वाळून आकसतात, फास सैल पडतात, दोरा सुटत जातो. यात गूढ काही नाही. कडे भिंतीवरच्या खिळ्याला टांगले तरी तेवढेच वाढेल.

प्रयोगशाळेत मी वर टोपी घालत असे. नेमके त्याच आठवड्यात मुख्यालयाचे एक वरिष्ठ तपासणीला आले. टोपीखालून दोरा लोंबत होता. "हे काय?" त्यांनी विचारले. मी म्हणालो, "क्षेत्रकार्य." त्यांनी पुढे विचारले नाही. माझी पुढची बढती त्यानंतर बराच काळ झाली नाही, पण त्याची अन्यही कारणे होती, आणि ती सर्व माझ्या स्वभावात होती.

लघवी मात्र होत नव्हती. ज्याने आयुष्य उंदरांच्या लघवीवर काढले, तो माणूस रोज रुग्णालयात फोन करून एका मुलाच्या लघवीची चौकशी करत होता. उत्तर रोज एकच. आईला मी काय कळवत होतो? 'उपचार चालू आहेत.' ती उलट निरोप पाठवी, 'माळ कुठवर आली?' मी तिला खरे कळवत असे. कपाळावर. भुवयांवर. आठी पडली की टोचते.

आता लेखातली सर्वांत हीन चूक. लेखक म्हणतात की माळ लवकर उतरावी म्हणून सरांनी डोक्याला तेल चोपडले होते. शास्त्रज्ञावर याहून मोठा आरोप होऊ शकत नाही. हा सरळसरळ प्रयोगात फेरफार केल्याचा आरोप आहे. मी डोक्याला खोबरेल लावत होतो, हे मान्य. ते थंडाव्यासाठी. त्यापूर्वी मी कधी तेल लावत नसे आणि त्यानंतरही लावले नाही, असे माझी पत्नी म्हणते, पण तिची साक्ष या प्रकरणात तटस्थ मानता येत नाही.

एके सकाळी माळ नाकावरून सुटून गळ्यात पडली. काड्या वाळल्या होत्या, फास सुटले होते. मला कारण पूर्ण ठाऊक होते. तरी मी आरशासमोर जरा जास्त वेळ उभा राहिलो, हे खरे.

लगेच फोन आला, असे लिहिले असते तर गोष्ट छान झाली असती, आणि माजी संचालकांनी तसेच लिहिले आहे. फोन त्या दिवशी आला नाही, दुसऱ्याही दिवशी आला नाही. तो आला तेव्हा माझ्या हातात एक मेलेला उंदीर होता. वॉर्डमधल्या परिचारिका होत्या. त्या एवढेच म्हणाल्या, "झाली."

"किती?"

"भरपूर. चादर बदलावी लागली."

मी उंदीर खाली ठेवला. 'सरांच्या डोळ्यांत पाणी आले' असे लेखात आहे. पाणी आले होते ते त्या मुलाच्या मूत्रपिंडांना. माझ्या डोळ्यांना काही झाले असेल तर ते फॉर्मालिनच्या वाफांमुळे.

मुलाला घेऊन गावात गेलो, तेव्हा माळ माझ्या पोटापर्यंत आली होती आणि माझ्या पोटामुळेच पुढे सरकत नव्हती. आई दारात उभी होती. ती मुलाकडे गेली नाही. आधी माझ्यासमोर आली, माळ धरून तिने ती अलगद खाली ओढली, एक पाय, मग दुसरा, आणि माळ पायांतून बाहेर काढली. मुलाची माळ रुग्णालयात कोणीतरी कात्रीने कापून टाकली होती, हे तिला दिसले होते. हातातली माळ घट्ट धरून तिने गावाकडे पाहिले आणि म्हणाली, "डाक्टरची उतरली." मग ती मुलाच्या गळ्यात पडली आणि तिला बाजूला करेपर्यंत बराच वेळ गेला.

तिच्या माळेची कीर्ती त्यामुळे दुप्पट झाली. मी खूप घाबरलो. एक मुलगा वाचवून मी शंभर रोग्यांना अंगणात बसवले, असे मला वाटले. पण थोड्याच दिवसांत पनवेलच्या आमच्या केंद्राच्या दारात पिवळ्या डोळ्यांची माणसे उतरू लागली. प्रत्येकाच्या डोक्यावर माळ. तिने नवा नियम केला होता: माळ देईन, पण माळ घालून आधी डाक्टरकडे रगत देऊन यायचं, नायतर ती उतरत नाय. डाक्टरनंसुद्धा तसंच केलं होतं. आम्ही रक्त तपासायचो, गरज असेल त्याला त्याच दिवशी रुग्णालयात धाडायचो. माझा जो शोधनिबंध आज या ग्रंथात गौरवला गेला आहे, त्यातले बहुतेक रोगी असे डोक्यावर माळ घालून चालत आलेले होते. निबंधात तेवढे लिहायला जागा नव्हती. 'प्रबोधन' हा शब्द कोठून आला ते मला माहीत नाही. माझ्या भित्तिपत्रकांनी आणलेला एकच माणूस मला आठवतो, आणि तो छपाईत चुकलेला पत्ता विचारायला आला होता.

गेल्या महिन्यात त्या मुलाने मला बोलावले. मुलगा आपला म्हणायचा. आता तो इमारती बांधतो आणि त्याला नातवंडे आहेत. ज्या शेतात मी रुतलो होतो, तिथे त्याने लग्नकार्यांसाठी सभागृह उभारले आहे, आणि उद्घाटनाला मी हवा होतो. माझा उजवा बूट त्या वास्तूच्या पायाखाली कोठेतरी आहे, तेव्हा आमंत्रणावर माझा हक्कच होता. माजी संचालकही आले होते. मी खिशात चार मुद्द्यांचे खंडन घेऊन गेलो होतो.

आई पहिल्या रांगेत खुर्चीवर बसली होती. अंग बरेच आकसले आहे, आवाज तोच आहे. मुलाने ध्वनिक्षेपक तिच्या हातात दिला. ती म्हणाली, "या डाक्टरला कावीळ झालेली. सोबतीला मी माझा पोरगा दिला."

सभागृहाने टाळ्या वाजवल्या. मी उठलो.

"ताई, मला कावीळ झाली नव्हती."

"मंग माळ कशाला घातली?"

"तुमचा मुलगा मुंबईला यावा म्हणून. आणि ती कल्पना माझी होती."

"मी बोलले होते आधी."

"मी बोललो होतो."

"तुमी चिखलात होता. चिखलात मानूस काय बोलतो ते त्याला आठवत नाय."

लोक हसू लागले. माजी संचालक दोन्ही हातांनी टाळ्या वाजवत होते. मी खिशातला कागद काढला, पण तोवर तिने मला बोटाने जवळ बोलावले. मी वाकलो. माझे मोतीबिंदू काढले आहेत, आता चष्म्याच्या काचा पांढऱ्या आहेत. तिने माझी हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवले, खालची पापणी अंगठ्याने ओढून पाहिली, आणि या वेळी फक्त मला ऐकू येईल असे म्हणाली, "अजून पिवळेच हायत. घरी येऊन बसा एक दिस. त्याला वाचवलंत तेव्हा मी तुमाला पानीसुद्धा विचारलं नाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी उपाशीपोटी मी रक्त तपासून घेतले. कावीळ नाही. अहवालाचा फोटो मी तिच्या मुलाच्या फोनवर पाठवला. तासाभराने तिच्या आवाजात उत्तर आले: कागद कशाला धाडता, काड्या तोडून ठेवल्यात, सुकायच्या आत या.

वाद अर्धवट सोडणे माझ्या तत्त्वात बसत नाही. मी चपला घातल्या. पत्नीने कोठे निघालात म्हणून विचारले, तेव्हा मी सांगितले की, आधी कोण बोलले, या मुद्द्याचा एकदा निकाल लावून येतो.

"जा," ती म्हणाली. "पण या वेळी तेल लावून जाऊ नका."